सहदेव कर्णेवाला आणि छतातले सहा स्पीकर

सहदेवचं आडनाव मतदारयादीत होतं तेवढंच. बाकी पोलादपुरापासून महाडपर्यंत तो सहदेव कर्णेवाला. चार कर्णे, दोन माईक, एक अँप्लिफायर आणि तारांची वेटोळी भरलेली पत्र्याची पेटी, एवढा त्याचा संसार. दुसरा संसार बायकोचा, आवडीचा, त्यात तो फक्त जेवायला येतो, असं आवडीच चारचौघांत सांगायची.

अठराव्या वर्षी तो मुंबईला गेला, परळच्या एका मंडपवाल्याकडे बांबूवर चढायला लागला आणि सहा वर्षांनी दोन कर्णे एस.टी.च्या टपावर बांधून परत आला. तेव्हापासून लग्न असो, पूजा असो, उरूस असो की निवडणूक, ज्याला आवाज लागतो त्याला सहदेव लागतो. तो अँप्लिफायरशी मांडी घालून बसायचा आणि पहिला कर्णा नेहमी त्याच्या डाव्या हाताच्या बांबूवर बांधलेला असायचा. वीस वर्षं डाव्या हाताला. सहा वर्षांपूर्वी डावा कान गेला. कुणाला कळलं नाही, कारण सहदेव मान वळवून उजवा कान पुढे करायला शिकला आणि लोकांना वाटलं, माणूस नम्र झाला.

मग उजव्या कानातूनही बारीक आवाज निघून जायला लागले. पहिल्यांदा गेला तो डास. सकाळी अंगावर गांधी उठलेल्या असायच्या आणि रात्रभर गुणगुण म्हणून कानाशी आली नसायची. मग कुकरची शिट्टी गेली. मग एस.टी.च्या कंडक्टरची घंटी. माणसाचं बोलणं जवळून, उजव्या बाजूने, ऐकू यायचं. पण लांबचं आणि बारीक असं जे काही होतं, ते जगातून कमी होत चाललं होतं. सहदेवने हे कुणालाही सांगितलं नाही. आवडीलाही नाही. बहिरा कर्णेवाला म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मांडवात त्याचं भागायचं. बांबूला हात लावला की आवाज किती मोठा ते तळव्याला समजायचं, आणि अँप्लिफायरच्या बटनाशी त्याने लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या पुढे माईक शिट्टी मारतो, म्हणून रेघेच्या पुढे जायचं नाही.

२००२ सालच्या जानेवारीत महाडच्या सईदभाईंचा सांगावा आला, तेव्हा रेघेचा काहीच उपयोग होणार नव्हता.

सईदभाईंचे दोन ट्रक मुंबई-महाड चालत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी सावित्री नदीच्या अंगाला एक घर विकत घेतलं होतं. घर बांधलं होतं मुदस्सर नावाच्या माणसाने. तो पंधरा वर्षं आखातात एका हॉटेलात कामाला होता, आणि आता सगळं विकून शारजाला बायकामुलांकडे कायमचा गेला होता. घराला पीओपीचं छत, आणि छतात बसवलेले सहा गोल स्पीकर: चार दिवाणखान्यात, दोन आतल्या खोलीत. चार महिन्यांत कुणी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता बघायची वेळ आली होती.

सईदभाईंच्या नौशीनचं लग्न शुक्रवारी होतं आणि नवरा मुलगा अरसलान कतारमध्ये अडकला होता. कंपनीने मंगळवारी रजा रद्द केली. पत्रिका वाटून झालेल्या, पाहुणे निघालेले. मग ठरलं की निकाह फोनवर करायचा. अशा प्रकारे दोन-तीन घरांत झालेलं होतं. पण गेल्या वर्षी एका घरात साक्षीदारांनी एकच रिसिव्हर आळीपाळीने कानाला लावला. पुढे दोन्हीकडच्यांचं काही बिनसलं, आणि एक साक्षीदार म्हणाला, मी तर नुसतं हॅलो ऐकलं होतं. सगळं पुन्हा पढावं लागलं. पोरीची आई सहा महिने बाजारात दिसली नाही.

म्हणून काझीसाहेबांनी या वेळी आधीच सांगितलं होतं. मुलाने फोनवरून आपला वकील, म्हणजे आपल्या वतीने कबूल म्हणणारा माणूस, नेमायचा आणि ते नेमणं दोन्ही साक्षीदारांनी एकाच जागी बसून, एकाच वेळी, स्वतःच्या कानाने ऐकायचं. दोघांपैकी एकानेही म्हटलं की ऐकलं नाही, तर काझीसाहेब उठणार.

अरसलान कंपनीच्या कॅम्पातल्या बूथवरून सव्वापाचला फोन करणार होता. त्याच्या कार्डात बारा मिनिटं होती.

*

शुक्रवारी सकाळी नऊला सहदेव दिवाणखान्याच्या भिंतीशी उकिडवा बसून टीव्हीच्या कपाटामागे हात घालत होता. सईदभाईंनी त्याला बजावलं होतं, घरात तुझे कर्णे आणू नकोस, म्हाताऱ्या बायका आहेत, मुदस्सरचा म्युझिक सेट आहे, त्यालाच जोड. म्हणून तो फक्त पक्कड, सेल आणि टेप घेऊन आला होता.

"सहदेवभाऊ, खाली काय शोधताय?" रजिया, सईदभाईंची बायको, हातात मसाल्याचा डबा घेऊन उभी होती.

"तारा कुठनं बाहेर काढल्यात ते बघतोय, भाभी. टीव्हीच्या मागं असतात शक्यतो."

"तुम्ही घाटाखालचे, पण पुराच्या वरच राहता. महाडात खाली काही ठेवत नाहीत." तिने भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर बोट ठेवलं. दोन हात रंग मारूनही पुराची रेघ तिथे फिकट तपकिरी दिसत होती. "वर बघा. माळ्यावर."

माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागे, भिंतीतून बारा टोकं बाहेर आली होती. सगळी पांढरी, सगळी एकसारखी. एकावरही खूण नाही.

"मुदस्सरला विचारलं का, कोणती कुठं जाते?"

"विचारलं. म्हणाला, मी सांगितलं तसं मिस्त्रीने केलं, मिस्त्रीला विचारा. मिस्त्री कोण, तर म्हणे केरळचा होता." रजियाने डबा कमरेवर घेतला. "भाऊ, तुम्हाला जमेल ना? म्हणजे जमणारच. मी आपलं विचारते. सकाळपासून मी सगळ्यांना हेच विचारतेय, भात शिजवणाऱ्यालासुद्धा."

"जमेल," सहदेव म्हणाला, आणि त्याने खिशातला सेल काढला.

तारांच्या जोड्या ओळखायची रीत सोपी होती. जोडीला क्षणभर सेल टेकवायचा. तार ज्या स्पीकरची, त्यात चट् असा आवाज येतो. एकाने टेकवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. सहदेवला टेकवता येत होतं.

"भाभी, ऐकायला कोण तरी द्या. रिकामं माणूस."

"आज या घरात रिकामं माणूस एकच आहे," रजिया म्हणाली आणि आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "नौशीन, ये गो, भाऊंना मदत कर. हात कशाला लावू नकोस."

नवरी मुलगी बाहेर आली. कोपरापर्यंत मेंदी, दोन्ही हात पुढे धरलेले. आज तिला पाण्यात हात घालायचा नव्हता, चूल बघायची नव्हती, बाजारात जायचं नव्हतं. सगळं घर धावत होतं आणि जिच्यासाठी धावत होतं ती सकाळपासून पंख्याकडे बघत बसली होती.

"मला काय करायचंय, सहदेवकाका?"

"मधल्या दारात उभी राहा, बाय. वर चट् झालं की कुठं झालं ते सांग. कान लावायचे फक्त."

"कानांना नाही लावली मेंदी."

सहदेवने पहिल्या जोडीला सेल टेकवला. त्याच्यापुरती शांतता.

"हॉल. दाराच्या वरचा. पण चट् नाही काका, चिट्. अगदी बारीक."

"चालंल. दुसरी."

"आतली खोली, कपाटाकडचा. फोन येईल ना वेळेवर? त्या बूथला म्हणे शुक्रवारी रांग असते."

"तिसरी."

"हॉल, मधला. रांगेत पुढचा माणूस बोलतच राहिला तर?"

"चौथी. बाय, तू ऐक आधी."

पाच जोड्या लागल्या. सहावी, खिडकीवरच्या स्पीकरची, काहीच बोलेना. ती बाजूला ठेवून सहदेवने पाच स्पीकर मुदस्सरच्या सेटला जोडले. काळा, मोठा, निळ्या दिव्यांचा सेट. कॅसेट घालून बटन दाबलं आणि दिवे नाचायला लागले.

"येतोय का?"

"येतोय."

त्याने पक्कड पुसली, टेप गुंडाळली. अकरा वाजले होते. चहा मागावा असा विचार करत होता, तेवढ्यात रजिया आली.

"अजून किती वेळ, भाऊ? चालू कधी करणार?"

"चालूच हाय की, भाभी."

रजियाने छताकडे बघितलं. मग सहदेवकडे. नौशीन दोघांच्या मध्ये हात पुढे धरून उभी होती.

"येतोय आवाज," ती म्हणाली. "पण डब्यात मुंगी चालल्यासारखा येतोय."

"मग मघाशी बोलली का नाय?"

"तुम्ही विचारलं, येतोय का. मला वाटलं, आता एवढाच येणार असेल. काका, तुम्ही तर बरोबर खालीच उभे होतात ना."

सहदेव सेटकडे वळला, उगाचच. सेटचं बटन टोकापर्यंत फिरवलं. दिवे लालभडक झाले. नौशीनने मान हलवली: मुंगी जरा मोठी झाली, एवढंच. त्याने सगळे जोड सोडले, पुन्हा तासले, पुन्हा पिळले. एक तास गेला. मुंगी ती मुंगी. मानेवरून घाम उतरत होता आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आवाज मुळीच नाही आणि आवाज थोडा आहे, यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने हे काम घेतलंच कसं.

पुरुषमाणसं जुम्याच्या नमाजाला गेली. घर जरा रिकामं झालं. सहदेवने शिडी लावली आणि तो मुका सहावा स्पीकर जाळीसकट खाली ओढला. तार उंदराने कुरतडलेली होती. ते ठीकच. पण त्याने स्पीकर उलटा केला आणि शिडीवरच थांबला. पाठीवर एक लोखंडी ठोकळा, वर तारेचे वेढे.

"काय झालं?" खालून नौशीन.

"हा आमचाच हाय गो."

"तुमचा?"

"म्हंजे जातीचा. माझ्या कर्ण्याच्या पाठीवर असाच ठोकळा असतो. लांब लांब तारेवर चालायला. मुदस्सरने हे घरातले नाय आणले, हाटेलातले आणले. ह्यांना हा दिव्यांचा सेट नाय ओढायचा. ह्यांना माझा अँप्लिफायर पायजे."

"मग लावा की."

"तो पोलादपुरात हाय."

दीड वाजला होता. सईदभाईंचा टेम्पो जेवणाची भांडी आणायला गेलेला. सहदेवने निघून, जाऊन, परत यायचं म्हटलं तर इथली कुरतडलेली तार आणि फोन कोण जोडणार. घरात फोन होता. पोलादपुरात सहदेवच्या घराशेजारी गिरणी होती, गिरणीत फोन होता.

"तू बोल," तो म्हणाला. "आवडीला बोलाव म्हण गिरणीवाल्याला. माझे हात भरलेत."

त्याचे हात भरलेले नव्हते. फोनवरचं बोलणं त्याला दोन वर्षांपासून नुसतं फुसफुस ऐकू यायचं.

रजियाने नंबर फिरवला, नौशीनने खांद्यात रिसिव्हर धरला. सहदेव शिडीवरून तिचं तोंड बघत राहिला. "काकी, मी महाडहून, सईदभाईंची नौशीन... हो, माझंच... अँप्लिफायर. निळी पेटी नाही, पत्र्याची... हो... हो." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. एकदा तिने शिडीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"येतायत मिनीडोर रिक्षाने," रिसिव्हर ठेवून ती म्हणाली.

"आणि काय म्हणाली?"

"काही नाही." ती शिडीच्या डाव्या बाजूला उभी होती. शिडीला वळसा घालून ती उजव्या बाजूला आली. "आता ती तार कशी जोडायची, काका?"

सहदेवच्या लक्षात आलं. आवडीने काय सांगितलं ते त्याला न ऐकता कळलं. म्हणजे तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. त्याने कुरतडलेल्या तारेचं टोक तासायला घेतलं आणि दोनदा बोट कापून घेतलं.

*

अडीच वाजले. तीन वाजले. पोलादपूर ते महाड अर्धा तास. रजिया खिडकीशी येऊन जात होती. दर वेळी काहीतरी दुसरंच कारण सांगायची: दूध आलं का, खुर्च्या आल्या का. तार जोडून झाली, स्पीकर वर बसला, फोनमधून आवाज काढायची दोन तारांची सोय झाली, आणि करायला काही उरलं नाही. बाहेर मांडवात खुर्च्या लावत होते. सहदेव खुर्च्या लावायला लागला.

साडेतीनला आवडी आली. पदराने पेटी झाकलेली, केसांवर हायवेची धूळ.

"ट्रक बंद पडला होता मधी," ती म्हणाली. "गाडीत पाय ठेवायला जागा नाय. मांडीवर घेऊन बसले. एक बाय म्हणते, पोर हाय का? म्हटलं, हाय, वीस वर्षांचं, अजून चालत नाय."

कुणी हसलं नाही. सहदेवने पेटी उचलली. आवडी त्याच्या उजव्या बाजूने चालत होती. ती नेहमीच उजव्या बाजूने चालायची, हे आता त्याला दिसलं.

मधल्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत त्याने माळ्यावरच्या तारा खाली आणल्या आणि अँप्लिफायर तिथे मांडला. बटन उघडलं. शिडीवर चढून जाळीला तळवा लावला. जाळी थरथरत होती. आतल्या खोलीतून बायकांचा गलका झाला, नौशीन म्हणत होती, "बास, कमी करा, छत पडेल." रजिया मसाल्याच्या डब्यासकट खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावला.

पण अर्धंच काम झालं होतं. काझीसाहेब दिवाणखान्यात बसून रिसिव्हरमध्ये बोलणार. मुलाचा आवाज रिसिव्हरमधून अँप्लिफायरमध्ये आणि तिथून छतात. छतातला आवाज परत रिसिव्हरमध्ये शिरला की गोल फिरायला लागतो आणि शिट्टी होते. सहदेवने फोन खिडकीच्या कोपऱ्यात नेला, तिथल्या स्पीकरची तार पुन्हा सोडून टाकली. तरी पाच होतेच.

पावणेपाचला चाचणी ठरली. सईदभाई चौकातल्या एस.टी.डी. बूथवर गेले. काझीसाहेब आले होते, साक्षीदार आले होते, मुलाचा चुलता वकील म्हणून आला होता. पन्नास माणसं गालिच्यावर. फोन वाजला. काझीसाहेबांनी रिसिव्हर उचलला. सईदभाईंचा "हॅलो" छतातून घुमला, तो सहदेवलाही ऐकू आला. त्याने बटन जरा पुढे नेलं. सगळ्यांना स्वच्छ ऐकू जावं म्हणून आणखी जरासं.

माणसं हलली. एकाने कान झाकले, मग दुसऱ्याने. एक म्हातारा उठून उभा राहिला. आतल्या खोलीत कुणाचं तरी लहान मूल तोंड उघडून रडत होतं. सहदेव बटनावर बोट ठेवून लोकांकडे बघत बसला होता, कसं जमलं अशा चेहऱ्याने. काझीसाहेबांनी रिसिव्हर लांब धरला होता आणि ते त्याला हाताने काहीतरी सांगत होते. सहदेवने मान डोलावली आणि बटन आणखी थोडं पुढे नेलं.

तेवढ्यात मधल्या दाराच्या पडद्यामागून मेंदीचा हात आला आणि त्याच्या हातावरून बटन मागे फिरवून गेला.

दिवाणखाना गप्प झाला. ती शांतता सहदेवला ऐकू आली.

सईदभाई बूथवरून धावत आले होते. "काय वाजत होतं ते? माझे कान फाटले. सहदेव, तुला कळत नाही, केवढी शिट्टी..." मग ते थांबले. सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला होते. "ऐकूच येत नाही का तुला?"

"बारीक नाय येत," सहदेव म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला दोन वर्षं लागली होती, आणि पडलं ते पन्नास माणसांत. "मोठं येतं."

"मी बहिरा माणूस आणलाय आवाजाला," सईदभाई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "पोरीचा निकाह, आणि..."

"मग सहा स्पीकर तुम्ही जोडणार होतात?" रजिया पडद्यातून म्हणाली. "चार महिने खाली झोपताय त्यांच्या. पाचला दहा कमी आहेत. भाऊ, काय करायचं ते बोला."

सहदेवने घसा साफ केला. "शेजारी कान पायजे एक. शिट्टी एकदम नाय येत. आधी बारीक सूत निघतं. ते ऐकून मला कुणी सांगितलं, तर बोटावर धरीन मी. बोट चांगलं हाय माझं."

"मला माहितीय ते सूत," आतून नौशीन. "मी सांगते."

"तू नवरी आहेस," तीन बायका एकदम म्हणाल्या.

आवडी उंबऱ्यापाशी कधी येऊन बसली ते कुणी पाहिलं नाही. ती आत वळून म्हणाली, "कसं वाजतं ते मला सांग गो."

नौशीनने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बारीक आवाज काढून दाखवला. आवडीने मान हलवली. "कुकर चढायच्या आधी करतो तसा."

"तसाच, काकी. तो आला की लगेच."

आवडीने डावा तळहात नवऱ्याच्या पाठीवर, मानेच्या खाली, ठेवला. पन्नास माणसांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. "दाबला की मागं," ती म्हणाली. "सोडला की पुढं."

*

सव्वापाच झाले. फोन गप्प. पाच सोळा. पाच वीस. काझीसाहेब तसबीहचे मणी फिरवत होते. एका साक्षीदाराने पाय बदलला. पाच पंचवीसला कुणीतरी म्हणालं, लाईन लागत नसेल, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला. सहदेवचं बोट बटनावर होतं. घाम बोटावर उतरू नये म्हणून तो दर मिनिटाला ते शर्टाला पुसत होता.

साडेपाचला घंटा वाजली.

"हॅलो, अस्सलामु अलैकुम," काझीसाहेब म्हणाले, आणि छतातून काहीतरी आलं. सहदेवला ते दूरवर ट्रक गेल्यासारखं भासलं. पाठीवर आवडीचा हात हलका होता. त्याने बटन केसभर पुढे नेलं. काझीसाहेबांनी मुलाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. छत घुमलं. आवडीची बोटं टोचली. त्याने मागे घेतलं. बोटं सैल. पुढे. पुन्हा टोचली.

मग काझीसाहेबांनी तो प्रश्न विचारला: वकील म्हणून कुणाला नेमतोस? सहदेवला उत्तर ऐकू आलं नाही. फक्त आवडीचा हात जोरात दाबला गेला आणि त्याने बटन मागे फिरवलं.

काझीसाहेब साक्षीदारांकडे वळले. "ऐकलंत?"

"ऐकलं," पहिला म्हणाला.

दुसरा साक्षीदार, मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी छताकडे बघितलं. "नाव नाही ऐकलं मी. नेमतो एवढं ऐकलं. नावाला आवाज बसला."

सईदभाईंनी डोळे मिटले. त्या माणसाला सहज हो म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही, आणि सहदेवला त्याचा राग आला नाही. त्याला स्वतःच्या बोटाचा राग आला. फार मागे घेतलं होतं.

"बेटा," काझीसाहेब रिसिव्हरमध्ये सावकाश म्हणाले, "पुन्हा सांग. नाव स्पष्ट घे."

सहदेवने डोळे मिटून घेतले. ऐकायचं नव्हतंच, बघायचंही कशाला. पाठीवरचा हात सोडलेला होता, त्याने बटन पुढे नेलं. मघाच्या जागेपर्यंत, मग तिच्याही पुढे. हाताची करंगळी हलली. त्याने थांबवलं. करंगळी तशीच राहिली, ना दाबलेली ना सोडलेली. त्याच जागेवर त्याने बोट धरलं, श्वाससुद्धा न हलवता. किती वेळ, त्याला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही साक्षीदार मान हलवत होते. काझीसाहेबांनी एकाला विचारलं, मग दुसऱ्याला. दुसऱ्याने छातीवर हात ठेवला आणि ओठांनी जे म्हटलं ते सहदेवला लांबूनही वाचता आलं: ऐकलं. चुलत्याने कबूल केलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग हात दुआसाठी वर झाले, आणि तेवढ्यात काझीसाहेबांनी रिसिव्हर कानापासून काढून बघितला. लाईन तुटली होती. कार्ड संपलं होतं.

खजूर वाटायला सुरुवात झाली. आतल्या खोलीत बायका रडत आणि हसत होत्या. सईदभाई आले, उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी मूठभर खजूर आधी आवडीच्या ओंजळीत घातले आणि मग सहदेवच्या. वळताना त्यांनी त्याच्या उजव्या बाजूला वाकून म्हटलं, "पुढच्या जुम्याला मुलाकडचा कार्यक्रम आहे. दोघं या."

सहदेवने अँप्लिफायर बंद केला नव्हता. बोट अजून बटनावर होतं. आवडीने ते उचलून बाजूला ठेवलं.

"काय म्हणाला पोरगा?" त्याने विचारलं.

"कधी?"

"दुसऱ्यांदा. नाव घेतलं तेव्हा."

आवडीने खजुराची बी तळहातावर काढली. "चुलत्याचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. मग नौशीनचं घेतलं, ते विचारलं पण नव्हतं. आवाज बसलेला होता. मागं कुणीतरी ओरडत होतं त्याच्यावर, लवकर आटप म्हणून."

"आणि सूत?"

"होतं ना. पूर्ण वेळ होतं, हेऽऽ एवढंसं." तिने नखाचं टोक दाखवलं. "चढलं नाय."

"तू कधीपासून..." सहदेव म्हणाला.

"तारा गुंडाळा आधी," आवडी म्हणाली. "शेवटची मिनीडोर सातची हाय. आणि कोणत्या कानाला काय ऐकू येतं ते घरी बसून सांगा मला, सगळं. म्हंजे कुठं बसायचं ते मला कळंल."